काळ्या सशांच्या दोनशे जोड्या

३१ मे १६४३ची पहाट. टॉवर ऑफ लंडनचे दरवाजे उघडल्याबरोबर एक माणूस शिपाई घेऊन आत शिरला आणि तडक एका कैद्याच्या खोलीकडे गेला. त्यानं जिन्यावर पहारा बसवला, बंदुका रोखलेले तिघे शिपाई बरोबर घेतले आणि दार उघडायला लावलं. कैदी अजून अंथरुणातच होता. एकोणसत्तर वर्षांचा, ठेंगणा, लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा. आलेल्या माणसानं आधी त्याच्या कपड्यांचे खिसे चाचपले आणि मग कागद उचलायला सुरुवात केली. बचावासाठी म्हाताऱ्यानं जुळवून ठेवलेली २१ बाडं गेली. त्याची रोजनिशी गेली. एकांतात देवापुढे म्हणायच्या प्रार्थनांची वहीसुद्धा गेली. तीन-चार दिवसांत सगळं परत मिळेल असा शब्द दिला गेला. परत आली ती फक्त तीन बाडं.

कैद्याचं नाव विल्यम लॉड. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे राजाच्या खालोखाल इंग्लंडच्या चर्चमधला सर्वांत मोठा माणूस. झडती घेणाऱ्याचं नाव विल्यम प्रिन. पेशानं वकील. प्रिनला कान नव्हते. लॉड ज्या न्यायपीठावर बसत असे, त्याच न्यायपीठाच्या हुकमानं ते कापले गेले होते आणि तेही एकदा नाही, दोनदा.

इतिहासात सूडाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण या गोष्टीत सूडाच्या पोटात कायद्याचं एक नवलाचं कोडं दडलेलं आहे. जी कृत्यं एकेकटी पाहिली तर देहदंडाच्या आसपासही जात नाहीत, ती शंभर-दोनशे एकत्र केली तर त्यांची बेरीज देहदंडाइतकी होते का? १६४४ साली लंडनमध्ये पार्लमेंट या प्रश्नाशी झुंजत होतं, आणि तेव्हा शहराबाहेर त्याच पार्लमेंटचं सैन्य राजाच्या सैन्याशी लढत होतं.

लॉड मोठ्या घरातला नव्हता. रेडिंग गावच्या एका कापडवाल्याचा तो मुलगा, जन्म १५७३चा. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला, पुढे त्याच कॉलेजचा प्रमुख झाला, मग एकामागून एक बिशपपदं चढत १६३३मध्ये आर्चबिशप झाला. कष्टाळू, काटेकोर आणि जिभेनं तिखट माणूस. लाच त्याला चिकटत नव्हती आणि माणसंही फारशी चिकटत नव्हती. राजा पहिला चार्ल्स मात्र त्याच्यावर पूर्ण विसंबून होता.

या माणसाचा ध्यास काय होता? देवाच्या घरात देवाच्या घरासारखं वागावं, एवढाच. ऐकायला साधं वाटतं. पण त्याच्या काळच्या इंग्लंडमध्ये पुष्कळ चर्चांतलं प्रभुभोजनाचं टेबल मध्येच कुठेतरी ठेवलेलं असे. लोक त्यावर टोप्या ठेवत, हिशेब मांडत. लॉडनं ते टेबल पूर्वेच्या भिंतीला वेदीसारखं लावायला लावलं आणि त्याभोवती कठडा उभारायला लावला, इतका दाट की कुत्रं आत शिरू नये. आपल्याकडे गाभाऱ्याला उंबरठा असतो आणि त्याच्या आत कोणी जायचं याचे नियम असतात. उंबरठ्यावरून किती भांडणं झाली आहेत हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना लाकडी कठडा एवढा का पेटला हे लगेच कळेल. प्युरिटन पंथाच्या लोकांच्या दृष्टीनं देव आणि माणूस यांच्यामध्ये उभी केलेली ती भिंत होती. रोमन कॅथलिक पोप पुढच्या दारानं हाकलला होता, तो या कठड्यावाटे मागच्या दारानं परत येतोय अशी भीती त्यांना वाटत होती. आणि ती भीती खरी होती. तीस वर्षांचं युद्ध युरोपात पेटलं होतं, प्रॉटेस्टंट गावं बेचिराख होत होती आणि खुद्द इंग्लंडची राणी कॅथलिक होती.

प्रिन या भीतीचा आवाज होता. त्याच्याइतका लिहिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. नाटकांच्या विरोधात त्यानं हजार पानांवर जाणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात नट्यांना शिवी होती, आणि नेमकी त्याच सुमारास राणी हेन्रिएटा मरिया दरबारातल्या एका नाटकात उतरली होती. शिवी राणीलाच दिली असं धरून १६३४मध्ये स्टार चेंबर या न्यायपीठानं त्याला ५,००० पौंडांचा दंड, जन्मठेप आणि कान कापण्याची शिक्षा दिली. तुरुंगातून तो लिहीतच राहिला, आता बिशपांच्या विरोधात. १६३७मध्ये जॉन बॅस्टविक आणि हेन्री बर्टन यांच्याबरोबर तो पुन्हा त्याच न्यायपीठापुढे आला. न्यायाधीश फिंचच्या लक्षात आलं की कानांचा थोडा भाग अजून शिल्लक आहे. तो कापला गेला. शिवाय दोन्ही गालांवर तापल्या लोखंडानं ‘एस’ आणि ‘एल’ ही अक्षरं डागली गेली. अर्थ असा की हा माणूस ‘सिडिशस लायबेलर’ आहे, राज्याविरुद्ध चिथावणारं लिहिणारा. प्रिननं त्या अक्षरांचा अर्थच बदलून टाकला. लॅटिनमध्ये त्यानं त्याची फोड केली, ‘लॉडनं उमटवलेले डाग’. शिक्षा सुनावली गेली त्या दिवशी लॉडनं न्यायपीठात लांबलचक भाषण केलं होतं, पण प्रकरण आपल्याशीच संबंधित आहे म्हणून शिक्षेच्या मतदानात तो उतरला नाही. प्रिनच्या गालांना हा बारकावा काय कामाचा?

इथे एक शब्द सोडवून घेतला पाहिजे, कारण मराठीत तो गुंता करतो. आपण लोकमान्य टिळकांच्या १८९७च्या आणि १९०८च्या खटल्यांना ‘राजद्रोहाचे खटले’ म्हणतो. टिळकांवर जे कलम लागलं, १२४-अ, त्याची मुळं ‘सिडिशन’च्या इंग्रजी कायद्यात आहेत. म्हणजे प्रिनच्या गालावरची अक्षरं आणि मंडालेचा तुरुंग एकाच वंशातले आहेत. लॉडवरचा आरोप वेगळा होता, ‘ट्रीझन’. त्याला आपला जुना शब्द जास्त जवळचा आहे, स्वामिद्रोह. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध फितुरी. इंग्लंडच्या कायद्यात याहून मोठा गुन्हा नव्हता.

लॉडचं पतन स्कॉटलंडमधून सुरू झालं. चार्ल्सनं आणि त्यानं तिथे नवं प्रार्थनापुस्तक लादायचं ठरवलं. २३ जुलै १६३७ रोजी एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते पहिल्यांदा वाचलं गेलं आणि दंगल उसळली. स्कॉटलंडनं शस्त्र उचललं. राजाला लढायला पैसा हवा, पैशाला पार्लमेंट हवं. अकरा वर्षं ज्या पार्लमेंटविना राजानं कारभार केला ते १६४०मध्ये बोलवावं लागलं. दरम्यान राजाचा विदूषक आर्ची आर्मस्ट्राँग यानं स्कॉटलंडच्या बातमीवरून लॉडला टोमणा मारला होता. त्याची नोकरी गेली. विदूषकालाही क्षमा करू न शकणारा हा स्वभाव लॉडला पुढे महागात पडला.

ज्या रोजनिशीवर प्रिननं झडप घातली, ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण वस्तू आहे असं मला वाटतं. देशाचा एवढा ताकदवान माणूस तिच्यात आपली स्वप्नं टिपून ठेवतो. तोंडातले सगळे दात हलायला लागल्याचं स्वप्न. आपण रोमच्या चर्चमध्ये गेल्याचं स्वप्न, आणि जागं झाल्यावरची तळमळ. दोन छोटे रॉबिन पक्षी एकमेकांचा पाठलाग करत अभ्यासिकेत शिरले, तेही लिहिलेलं आहे. आणि २७ ऑक्टोबर १६४०ची नोंद आहे. तो वरच्या खोलीत गेला तेव्हा भिंतीवरचं त्याचं स्वतःचं चित्र दोरी तुटून जमिनीवर पालथं पडलेलं होतं. पार्लमेंट आठवड्यावर आलं होतं. हा अपशकुन न ठरो, अशी त्यानं देवाला विनवणी केली.

१८ डिसेंबर १६४०ला हाउस ऑफ कॉमन्सनं त्याच्यावर महाभियोग आणला. त्या काळी महाभियोगाची रीत अशी होती की कॉमन्सनं आरोप करायचा आणि लॉर्ड्सनी न्यायाधीश म्हणून बसायचं. पुढे दीडशे वर्षांनी वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्याशी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला, याच रीतीनं सात वर्षं लॉर्ड्सपुढे उभा राहिला आणि शेवटी सुटला. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाची तरतूद आहे, तिचं घराणं हेच. लॉड मात्र आधी वाट पाहत राहिला. १ मार्च १६४१ला तो टॉवरमध्ये गेला, आणि खटला सुरू व्हायला तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत राजाचा दुसरा उजवा हात, अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड, त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. १२ मे १६४१ला स्ट्रॅफर्डला वधस्तंभाकडे नेत होते. वाटेत लॉडच्या खिडकीखाली तो थांबला. लॉडनं वरून हात उंचावून आशीर्वाद दिला आणि तो तिथेच बेशुद्ध पडला. हे चित्र पुढे चित्रकारांनी कितीदा रंगवलं. मला त्यात आशीर्वादापेक्षा खिडकीच्या आत कोसळणारं म्हातारं शरीर जास्त दिसतं.

खटला १२ मार्च १६४४ला उभा राहिला. सकाळी नदीमार्गे टॉवरहून वेस्टमिन्स्टरला जायचं, लोकांच्या शिव्या ऐकायच्या, सरकारी वकिलांचे आरोप ऐकायचे. मग थोडा अवकाश मिळे, दोनेक तास. तेवढ्यात टिपणं जुळवायची आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचं. तेही एकट्यानं. देहदंडाच्या आरोपात इंग्लंडच्या कायद्यानं आरोपीला वस्तुस्थितीवर बोलायला वकील दिलेला नव्हता. वकील फक्त कायद्याचा मुद्दा मांडू शकत होता. ट्रीझनच्या खटल्यात आरोपीला पुरता वकील मिळायला १६९६चा कायदा यावा लागला. बचावाची कागदपत्रं तर प्रिनच्या घरी. म्हणजे बचाव करायचा तो स्मरणशक्तीवर. पुराव्यांची जुळवाजुळव कोणी केली होती हे सांगायची गरज नाही. प्रिन रोज हजर असे. पुढे त्यानं स्वतः छापलं की या माणसानं आपला बचाव इतक्या ताकदीनं केला की माणसाच्या बुद्धीला सुचू शकेल ते सगळं तो बोलला. शत्रूची ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

न्यायाधीशांचं काय? लॉर्ड्सपैकी बरेचसे राजाकडे ऑक्सफर्डला गेले होते. बिशपांना सभागृहातून आधीच काढलं होतं. जे मूठभर उरले होते तेही सकाळी आरोप ऐकत आणि दुपारी उत्तराच्या वेळी त्यांतले कित्येक दिसत नसत. लॉडनं आपल्या आठवणीत याची व्याकूळ नोंद केली आहे. ते हस्तलिखित १६९५पर्यंत छापलं गेलं नाही.

आरोपांची यादी वाचताना डोळे विस्फारतात, कारण ती कायद्यापेक्षा एका देशाच्या भीतीची यादी वाटते. लँबेथच्या राजवाड्यातल्या चॅपलमध्ये रंगीत काचांचे तुकडे झालेले होते, ते त्यानं जोडून घेतले. त्यात क्रूसावरचा येशू होता. सेंट कॅथरीन क्री चर्चची प्रतिष्ठापना करताना तो वेदीकडे वाकला. सेंट पॉल्स चर्चच्या जीर्णोद्धारासाठी भिंतीला टेकलेली घरं पाडून टाकली. ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चच्या दारावर मरियेची मूर्ती बसवली गेली, आणि एक माणूस तिच्यापुढे टोपी काढताना दिसला, अशी साक्ष तिथल्या एका नगरमान्याकडून घेण्यात आली. ही मूर्ती लॉडच्या खासगी धर्मगुरूनं बसवली होती. पिळाच्या खांबांचं ते दार आजही ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर उभं आहे.

रोजनिशीतूनही माळ ओवली गेली. १६३३मध्ये आर्चबिशपपद मिळणार असल्याची बातमी आली त्याच दिवशी सकाळी कोणीतरी येऊन त्याला कार्डिनल व्हायला विचारलं होतं, असं त्यानं लिहिलं होतं. आरोप करणाऱ्यांच्या हाती जणू पोपची टोपीच लागली. पण नोंद पुढेही होती. रोम आज जसं आहे तसं राहील तोवर आपल्या आतलं काहीतरी हे मान्य करणार नाही, असं तो म्हणतो, आणि हे त्यानं राजाच्या कानावरही घातलं होतं. खटला संपत आला तेव्हा प्रिननं ही रोजनिशीच छापली, स्वतःची काटछाट करून. समारोपाचं भाषण करायला लॉड उभा राहिला तेव्हा समोर बसलेल्या लॉर्ड्सच्या हातात त्याची स्वप्नं पुस्तकरूपात होती.

स्वतःच्या मनाशी बोललेलं असं चारचौघांत वाचलं जाणं याची शरम त्या म्हाताऱ्याला कशी वाटली असेल, हा विचार मला सोडत नाही. रोजनिशी हे त्याचं सर्वांत खासगी घर होतं. त्याच्या स्वप्नांतला भित्रा माणूस आणि न्यायपीठावरचा कठोर माणूस एकच होता हे खरं. पण आरोपपत्रात त्यांतला एकच हवा होता.

थोडं बाजूला होऊन ऑक्सफर्डला जाऊ या, कारण तिथे या माणसाचं तिसरं रूप आहे. लॉड विद्यापीठाचा कुलपती होता. अरबी भाषेचं अध्यासन त्यानं १६३६मध्ये सुरू केलं आणि एडवर्ड पोकॉकला नेमलं. त्याच्या आग्रहावरून राजानं १६३४मध्ये तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या कंपनीला हुकूम पाठवला होता की प्रत्येक जहाजानं परतताना एक अरबी किंवा फार्सी हस्तलिखित आणावं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यानं बॉडलियन ग्रंथालयाला दिली. त्यांत जुन्या इंग्रजीतली एक बखर आहे, मेक्सिकोतल्या लोकांनी कातड्यावर रंगवलेली एक पोथी आहे, आणि हिंदुस्थानातलं एक चित्रांचं पुस्तक आहे. रागमालेची चित्रं. राग आणि रागिणी, नायक-नायिका, भाव. युरोपात गेलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रांपैकी ही आहेत आणि त्या संग्रहाला आजही ‘लॉड रागमाला’ म्हणतात. ती त्यानं १६४०मध्ये दिली, म्हणजे महाभियोगाच्या वर्षात. वेदीच्या कठड्यासाठी देश पेटवणारा माणूस आपल्या रागांची चित्रं जपून ठेवत होता, ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी विस्मय कमी होत नाही.

आता ते कोडं. ‘ट्रीझन’ म्हणजे काय, हे इंग्लंडमध्ये १३५२मध्ये कायद्यानं लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या एडवर्डच्या काळात सरदारांनीच हट्ट धरला होता, कारण राजे कोणत्याही रागाला द्रोह म्हणून माणसं संपवत होते. म्हणून यादी केली. राजाच्या मृत्यूचा मनसुबा करणं, त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारणं, त्याच्या शत्रूला साहाय्य करणं, राणीशी किंवा थोरल्या राजकन्येशी व्यभिचार, खोटी नाणी, अशा ठरावीक गोष्टी. बाकी कितीही मोठी पापं असली तरी ती द्रोह नाहीत. कायद्याची ती ढाल होती, आणि तिचा काही भाग आजही ब्रिटनमध्ये जिवंत आहे. पण त्या ढालीला एक फट होती. याखेरीज द्रोहासारखं काही नवं प्रकरण न्यायाधीशांपुढे आलं तर त्यांनी निकाल देऊ नये, थांबावं आणि राजानं व पार्लमेंटनं ते द्रोह आहे की नाही ते सांगावं, असं त्यात म्हटलं होतं.

आता नजर टाका. लॉड राजाचा माणूस. राजाच्या इच्छेनं, राजाच्या सहीनं, राजासाठी त्यानं सगळं केलं. आणि त्याला द्रोही ठरवणारं पार्लमेंट स्वतः त्या राजाशी युद्ध करत होतं. १६४४च्या जुलैत, खटला चालू असताना, मार्स्टन मूरच्या मैदानात त्यांनी राजाचं उत्तरेकडचं सैन्य मोडलं. मग द्रोह कोणाशी? सरकारी वकिलांचं म्हणणं असं की देशाच्या मूलभूत कायद्यांशी, धर्माशी आणि पार्लमेंटच्या हक्कांशी. राजाचं राज्य म्हणजे त्याचा देह नव्हे तर त्याचे कायदे, आणि ते उलथवणं म्हणजे राजालाच उलथवणं. हा विचार त्या काळी नवा होता आणि मोठाही होता. आज जगातले कित्येक देश त्यावर उभे आहेत. पण एका म्हाताऱ्याच्या मानेवर तो वापरून पाहिला जात होता, आणि कृत्य घडलं तेव्हा असा गुन्हा कोणी ऐकलेलाही नव्हता.

११ ऑक्टोबर १६४४ला लॉडच्या वकिलाला, जॉन हर्नला, कायद्यावर बोलायची परवानगी मिळाली. त्यानं १३५२ची यादी मांडली आणि विचारलं की यातलं कोणतं कलम? सरकारी वकील सार्जंट वाइल्डनं मान्य केलं की आर्चबिशपचं कुठलंही एक कृत्य द्रोह नाही, पण सगळी गैरकृत्यं एकत्र केली की द्रोह होतो. हर्न उत्तरला की काळ्या सशांच्या दोनशे जोड्या मिळून एक काळा घोडा होतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

त्या एका वाक्यात खटल्याचं सगळं शहाणपण आहे. दोन गोष्टींचा रंग एक असला म्हणून जात एक होत नाही. चारशे ससे मोजा, पाचशे मोजा, त्यांतला एकही टाप टाकत नाही. वजन वाढतं, भीती वाढते, पण घोडा होत नाही. कायद्याचं काम या जातीतल्या फरकाची राखण करण्याचं असतं. हर्न हे बोलला ते कान कापणाऱ्या न्यायपीठाच्या बाजूनं, हे विसरता येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त धारदार आहे. आरोपी गुन्हेगार असो की निरपराध, हा मुद्दा खरा राहतो.

कॉमन्सला हे कळलं. त्यांनी न्यायाचा रस्ता सोडला आणि कायदा करायचा रस्ता धरला. खटल्यात पुरावा लागतो, कायदा करायला मतं लागतात. ‘अटेंडर’ या नावाची एक रीत होती. सभागृहानं सरळ ठराव करायचा की अमुक माणूस द्रोही आहे आणि त्याला मृत्युदंड आहे. स्ट्रॅफर्डच्या वेळी हेच झालं होतं, आणि तेव्हा खुद्द त्या कायद्यात लिहिलं होतं की न्यायाधीशांनी याचा दाखला घेऊन द्रोहाचा अर्थ बदलू नये. जणू करणाऱ्यांनाच आपल्या हातात काय आहे याची धास्ती होती. तेव्हा निदान राजाची सही होती. लॉडच्या वेळी राजाशिवायच, दोन सभागृहांच्या फक्त वटहुकमानं काम भागवलं. नोव्हेंबरमध्ये कॉमन्सनं तो मंजूर केला.

लॉर्ड्स अडून बसले. त्यांनी न्यायाधीशांना विचारलं आणि उत्तर मिळालं की देशाच्या कोणत्याही ज्ञात कायद्यानुसार आरोपांतलं काहीही ट्रीझन नाही. त्यांनी जवळजवळ दीड महिना ओढाताण केली. मग ४ जानेवारी १६४५ला ते वाकले. त्याच दिवशी लॉडला प्रिय असलेलं प्रार्थनापुस्तक रद्द करून नव्या उपासनापद्धतीचा ठराव मंजूर झाला. राजानं सहीशिक्का मारून दिलेलं माफीपत्र लॉडनं पुढे केलं, ते नाकारलं गेलं. फाशी देऊन देहाचे तुकडे करायची शिक्षा होती. ती बदलून शिरच्छेद करावा अशी त्यानं विनंती केली, आणि थोड्या खळखळीनंतर ती मान्य झाली. अमेरिकेनं १७८७मध्ये राज्यघटना लिहिली तेव्हा त्यांनी अटेंडरला कायमची बंदी केली. आपल्या घटनेचं विसावं कलम म्हणतं की कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अस्तित्वात होता त्याखेरीज दुसऱ्या कशानंही कोणाला दोषी ठरवता येणार नाही. असली वाक्यं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणाच्या मानेचं चित्र असेल, याचा विचार करावासा वाटतो.

१० जानेवारी १६४५. टॉवर हिलवर गर्दी इतकी की लोक वधस्तंभाच्या फळ्यांखाली शिरले होते आणि फटींतून वर बघत होते. लॉडनं ते पाहिलं. आपलं निरपराध रक्त खालच्या लोकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून त्या फटी मातीनं बुजवा, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं प्रवचन दिलं, कारण चाळीस वर्षं तेच त्याचं काम होतं. सर जॉन क्लॉटवर्दी नावाचा एक सदस्य तिथे वर चढून त्याला धर्मावर प्रश्न विचारत राहिला. लॉडनं एक-दोन उत्तरं दिली आणि मग जल्लादाकडे वळून त्याला पैसे दिले, कारण तो कमी उद्धट होता. चेहरा इतका लाल होता की बघ्यांना रंग लावल्याचा संशय आला. डोकं तुटल्यावर तो चेहरा राखेसारखा झाला. त्याच्या रोजनिशीच्या हिशेबानं ते अजून १६४४ सालच होतं, कारण तेव्हा इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. चार वर्षांनी, ३० जानेवारी १६४९ला, राजाही त्याच्या मागून गेला.

प्रिनचं काय झालं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यानं खटल्याचा जाडजूड वृत्तांत १६४६मध्ये छापला. पण राजावर खटला भरायची वेळ आली तेव्हा तो विरोधात उभा राहिला. राजाला द्रोही ठरवणारा कायदा कुठे आहे, असं तो विचारू लागला. डिसेंबर १६४८मध्ये सैन्यानं त्याला संसदेच्या दारातूनच पकडलं. राजेशाही परत आली तेव्हा दुसऱ्या चार्ल्सनं त्याला एक पद दिलं, टॉवरमधल्या जुन्या दप्तरांचा रखवालदार. शतकानुशतकांचे कागद, धूळ, कोळिष्टकं, आणि त्यात रात्रंदिवस खपणारा तो बिनकानांचा म्हातारा. दुसऱ्याचे कागद हिसकावणाऱ्याच्या हाती राष्ट्राचे कागद आले, आणि त्यानं ते इमानदारीनं जपले.

शिरच्छेदानंतर लॉडला टॉवरजवळच्याच ऑल हॅलोज बार्किंग चर्चमध्ये पुरलं होतं. जुलै १६६३मध्ये ती शवपेटी काढून ऑक्सफर्डला नेण्यात आली आणि रात्रीच्या अंधारात सेंट जॉन्स कॉलेजच्या वेदीखाली ठेवली गेली. ऑल हॅलोज आणि टॉवर यांच्यात काही पावलांचंच अंतर आहे. शवपेटी तिथून निघाली त्या वर्षी प्रिन पलीकडच्याच टॉवरमधल्या दप्तरांचा रखवालदार होता. पुढे १६६९पर्यंत, मरेपर्यंत, ते पद त्याच्याकडेच राहिलं.